पणजे शोधणारा भगवानगीर

सन दोन हजार एकोणीस. माझं वय त्या साली एकाहत्तर. हे आधार कार्डावरचं झालं. रेल्वेच्या कागदावर मी त्याहून दोन वर्षांनी लहान आहे, आणि आई सांगायची त्या हिशोबानं तीन वर्षांनी मोठा. मला यातलं कुठलंही वय चालतं. पेन्शन वेळेवर येते, गुडघे वेळेवर दुखतात, आणखी काय पाहिजे. पण माझ्या चुलतभावाला, भगवानगीरला, हे चालत नसे.

"दादा, एका माणसाला तीन-तीन वयं कशी असतील? दोन तर खोटी असतीलच की."

"तिन्ही खोटी असू दे. तुला काय करायचंय?"

"तसं न्हाई. उद्या तुमच्या समाधीवर कोणतं कोरायचं?"

मी समोर बसून चहा पितोय, आणि हा माझ्या दगडावरचा मजकूर ठरवायलाय. असा हा माणूस. चुलतभाऊ म्हणालो खरा, पण सख्खा चुलत नव्हे. ते पुढं सांगतो. आधी त्याची खोड सांगतो, म्हणजे माणूस ओळखीचा होईल.

भगवानगीर कुणाच्याही घरी गेला की ओसरीवर बसत नसे. दारात चप्पल काढायची, "नमो नारायण" म्हणायचं, आम्हा गोसाव्यांचा हाच रामराम, आणि घरातून आरपार चालत मागच्या अंगणात जायचं. तिथं धुणं धुवायचा दगड असतो. तो दोन्ही हातांनी धरून उलथा करायचा आणि खालच्या बाजूनं वाचायला लागायचं. मग ते घर सोयऱ्याचं असो, सरपंचाचं असो, की ज्याच्याकडं मयतीला गेलोय त्याचं असो.

याला कारण आहे. आमचं गाव चुडावा स्टेशनापासून पायी जाण्याच्या अंतरावर. गावाबाहेर नाल्याच्या काठाला गोसाव्यांचा मठ आहे. मठ म्हणजे महादेवाची एक कोठडी आणि तिच्यामागं समाध्या. आम्ही गोसावी मेलेल्या माणसाला जाळत नाही. मांडी घालून बसवतो, भोवती मीठ भरतो, वरून माती लोटतो आणि दगड ठेवतो. जुनी माणसं त्या दगडावर नाव कोरून घेत. असे मठ आमच्या भागात गावोगाव होते. पुष्कळ पडले. पडल्यावर दगड लोकांनी नेले. कुणी पायरीला लावला, कुणी गोठ्यात, आणि जो चांगला सपाट होता तो बायकांनी धुण्याला घेतला. कोरलेल्या बाजूवर कपडे फाटतात, म्हणून अक्षरं खाली. त्यामुळं भगवानगीरचं म्हणणं असं की अर्ध्या तालुक्याचे पणजे साबणाच्या पाण्याखाली पालथे पडलेत आणि त्यांना सरळ करणारं कुणी नाही.

एकदा माझ्या पुतण्यासाठी पोरगी बघायला आम्ही पूर्णेच्या पलीकडं एका गावी गेलो. मी भगवानगीरला बजावून नेलं होतं की दगडाचं नाव काढायचं नाही. पोह्यापर्यंत तो गुमान बसला. मग "हात धुवून येतो" म्हणाला. मागं पोरीची आजी धुणं आपटत बसली होती.

"मावशी, जरा उठा."

तिला वाटलं पाव्हण्याला पाणी पाहिजे. ती उठली, यानं दगड उलथा केला. खाली दोन गांडुळं आणि एक इंगळी. अक्षर एक नाही. पण आजीनं घर डोक्यावर घेतलं. शेजारचे जमले. एकजण मला म्हणाला, "पाव्हणे, पोरगी बघायला आलात का हंडा बघायला?" भगवानगीर हात पुसत शांतपणे म्हणाला, "हंडा न्हाई हो, पणजे बघायलोय." त्यानं आणखीच बिघडलं. सोयरीक काही जमली नाही. पुढं कळलं की आम्ही निघून गेल्यावर त्या घरच्यांनीच त्या जागी कमरेइतका खड्डा खांदला.

मी त्याच्याशी महिनाभर बोललो नाही. तो मात्र दर सोमवारी यायचा, न बोलणाऱ्या माझ्याशी बोलायचा, चहा प्यायचा आणि जायचा.

त्याच्या खांद्याला एक खाकी पिशवी असे. एसटीत कंडक्टर होता, तेव्हापासूनची. तिकिटाची पेटी गेली, पिशवी राहिली. पिशवीत नारळाची शेंडी, पाण्याची बाटली, दोन चष्मे आणि राखुंडीची पुडी. पूर्वी आपण दात घासायचो ती राखुंडी. दगड सापडला की आधी त्याला नमस्कार, मग "जरा तरास देतो, बाबा" म्हणायचं, मग शेंडीनं घासून पाणी मारायचं. वाळला की राखुंडी चोळायची आणि हलक्या हातानं पुसायची. राख अक्षरात बसते आणि काळ्या दगडावर पांढरं नाव उठून दिसतं. हे मी डोळ्यांनी बघितलंय. एकदा तर गुरांच्या हौदाच्या काठावर एक आख्खी ओळ उठली, तेव्हा म्हशीसुद्धा मागं सरकल्या. मागं सरकल्या असं आपलं मी म्हणतो. त्यांना राखेचा वास आला असेल.

लोकांना मागं सरकायला लावायचं म्हणजे त्याचं आवडतं काम. कंडक्टरकीत जन्म गेला, त्यामुळं जीभ तशीच वळलेली. हॉटेलात कुणी तरणं पोरगं शेजारी बसलं की हा विचारणार, "बापाचं नाव सांग." ते सांगायचं. "आजा?" तेही सांगायचं. "सरका मागं. पणजा?" इथं पोरगं अडायचं. "मागं सरका की, मागं लय जागा हाय. दारात कामून गर्दी करायलेत?" पोरगं चहा टाकून उठायचं. हॉटेलवाल्यानं त्याला शेवटी सांगितलं, काका, तुमी चहा फुकट प्या पण गिऱ्हाईक मागं सारू नका.

पुराव्याच्या बाबतीत त्याचा क्रम ठरलेला होता. दगड पहिला, म्हातारी दुसरी, कागद तिसरा. कागदावर त्याचा विश्वास नव्हता, पण राग पण नव्हता. "कागद खोटं बोलत न्हाई, दादा. त्याला जसं सांगितलं तसं तो लिहितो. आता सांगणारा जेवून आलता का भांडून आलता, ते कागदाला काय ठाव?"

जातीच्या दाखल्यासाठी जुन्या नोंदी पाहिजेत म्हणून लोक त्याच्याकडं यायचे. एकजण आला, त्याच्या पणज्याची तीन कागदांवर तीन नावं. एकावर सखाराम, एकावर सखू, आणि निजामाच्या वेळच्या उर्दू कागदावर नुसतं 'लंगडा'. परभणीच्या ऑफिसातला कारकून म्हणाला होता, काका, यातला एक धरा आणि दोन सोडा. भगवानगीर म्हणाला, "सोडा कसं? ती काय शेळी हाय?" तो त्या माणसाला घेऊन त्याच्या गावी गेला, तिथली सगळ्यात म्हातारी बाई गाठली, आणि तिच्या पुढ्यात दुपारभर बसला. ती शेवटी म्हणाली की सखाराम लिंबावरून पडला, तेव्हापासून लंगडा. तीन माणसांचा एक माणूस झाला. भगवानगीरनं त्या पोराकडनं बिनसाखरेचा एक चहा घेतला, बाकी काही नाही.

उर्दू कागद वाचायला त्याचा एक दोस्त होता पूर्णेत, खलील मास्तर. उर्दू शाळेतनं रिटायर झालेला, दमेकरी. त्या जुन्या कागदांत माणसाच्या नावापुढं 'वल्द' लिहितात आणि मग बापाचं नाव. दोघं खिडकीपाशी कागद धरून बसायचे आणि वल्दवरून तासंतास भांडायचे. मी एकदा बघितलं. दोघांनाही त्या मेलेल्या माणसाशी काही देणंघेणं नव्हतं, पण भांडण सख्ख्या भावांसारखं.

आता तो सख्खा चुलत का नव्हे ते सांगतो.

माझा धाकटा चुलता माणिकगीर यानं एका विधवा बाईशी पाट लावला. ती आली तेव्हा तिच्या पदराला धरून चारेक वर्षांचं एक पोरगं होतं. तोच भगवान. त्याचा जन्मदाता बाप पुरी होता, नांदेडकडचा. आम्ही गिरी. गोसाव्यांत गिरी, पुरी, भारती असे भाग आहेत, आणि गिरीच्या पोरानं गिरीची पोरगी करायची नाही, पुरीनं पुरीची करायची नाही, असा आमच्यात दंडक. चुलत्यानं पोराला शाळेत घातलं तेव्हा मास्तरनं विचारलं, बापाचं नाव. चुलता म्हणाला, माणिकगीर. झालं. पुरीचा गिरी झाला. चुलत्याला पुढं दुसरं मूल झालं नाही. भगवानला त्यानं कधी बोट लावलं नाही, हे मी बघितलंय. पण गाव ते गाव. त्याला अजूनही 'आईमागं आलेला' असंच म्हणतं.

लग्नाचं वय झालं तेव्हा याचा खरा घोटाळा झाला. पुरींकडं स्थळ घेऊन गेले तर ते म्हणाले, रक्तानं तुम्ही पुरी, आपलं भाऊपण लागतं, जमत नाही. गिरींकडं गेले तर ते म्हणाले, दाखल्यावर तुम्ही गिरी, जमत नाही. मग भारतींकडं गेले. भारती म्हणाले, आम्हाला दोन्ही चालतात, पण आधी तुमी ठरवून या. हे भगवानगीर स्वतः रंगवून सांगायचा आणि ऐकणारे पोट धरून हसायचे. मीही हसायचो. लग्न राहिलंच. चुलता गेला, आई गेली. एसटीच्या थांब्यामागं एका खोलीत तो राहतो, हातानं भाकरी करतो आणि दुसऱ्याचे पणजे शोधतो.

माझं तसं नाही. मी नारायणगीर. बाप धोंडगीर, आजा महादगीर, पणजा दौलतगीर, खापरपणजा शंभूगीर. शंभूगीरनं मठ बांधला. माझ्यासकट पाच पिढ्या एका रक्ताच्या, आणि माझ्याआधीच्या सगळ्या मठामागं ओळीनं बसलेल्या. चौथीनंतर शाळा सोडली तरी ही पाच नावं मी कधी विसरलो नाही. रेल्वेत गँगमन होतो तेव्हा साहेबाला सुद्धा ऐकवली होती. साहेब म्हणाला, बरं, आता पहार उचल. ही नावं कुठंही निघाली की मी सांगतो, आणि भगवानगीर बसलेला असला तर मान डोलवत ऐकतो. आख्ख्या तालुक्याला मागं सरका म्हणणारा माणूस, पण माझ्या पिढ्यांना त्यानं एकदाही बोट लावलं नाही. मी समजत होतो, इथं त्याचं काही चालत नाही.

त्या साली शिवरात्रीला गिरींची सगळी घरं मठावर जमली. ग्रामपंचायत समाध्यांच्या जागेला भिंत बांधून देणार होती. मोजणी झाली तेव्हा कळलं की बाजूच्या शेतवाल्यानं बांध बराच आत सारलाय. भिंतीच्या आत आता सात-आठ माणसं बसतील एवढीच मोकळी जागा उरणार होती. म्हातारी माणसं आम्ही तेवढीच. म्हणून नावं ठरवायची होती. वयानं मोठा मी, शब्द माझा.

सगळ्यांची झाल्यावर भगवानगीर म्हणाला, "दादा, मलाबी एक जागा धरा. कोपऱ्यात चालंल. नाल्याकडंला दिली तरी चालंल."

मंडळी माझ्याकडं बघायला लागली.

मी म्हणालो, "भगवान, ही जागा रक्ताच्या गिरींची आहे. तुझ्या जन्मदात्याच्या गावात पुरींच्या समाध्या असतील. तिथं बघ."

"गेलतो मी तिकडं. दोनदा गेलो. ते म्हणले, तुमच्या दाखल्यावर गिरी हाय."

एकदोघं हसले. त्याच्या गोष्टीवर हसायची सवय होती सगळ्यांना. तो या वेळी रंगवून सांगत नव्हता, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

"पाच पिढ्यांत इथं बाहेरचा माणूस बसलेला नाही," मी म्हणालो. "माझ्यापासून शंभूगीरपर्यंत मोज. तू इथला आहेस याचा तुझ्याकडं काही पुरावा असला तर काढ."

त्यानं पिशवीत हात घातला. आता कागद काढतो म्हणून सगळ्यांच्या माना पुढं आल्या. हात थोडा वेळ आतच राहिला. मग त्यानं रुमाल काढला आणि तोंड पुसलं.

"न्हाई, दादा. तुमच्या पाची पिढ्या बराबर हायत. मला काय बोलायला जागा न्हाई."

विषय मिटला. प्रसादाचं वाटप त्यानंच केलं. मी घरी येऊन उपास असताना भगर दोनदा वाढून घेतली. पुढच्या सोमवारी तो नेहमीसारखा चहाला आला, येताना माझ्या बायकोला पूर्णेच्या बाजारातली शेपूची जुडी घेऊन आला. जागेचा विषय त्यानं परत काढला नाही. भिंतीचं काम चालू झालं तेव्हा गवंड्याला पाणी द्यायला मात्र रोज जायचा.

नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांना बँकेत जाऊन आपण जिवंत आहोत असं सांगावं लागतं. मी पूर्णेला गेलो. मशीनवर अंगठा ठेवला. उमटेना. दुसरं बोट, तिसरं बोट. पहार आणि हातोडा धरून धरून माझी बोटं अशी गुळगुळीत झालीत की मशीन मला मानायलाच तयार नाही. बँकेतली पोरगी म्हणाली, "बाबा, जरा बसा, साहेब आल्यावर बघू." म्हणजे साहेब येईपर्यंत मी मेलेला.

बाकावर खलील मास्तर बसला होता, त्याच कामाला आलेला. त्यानं मला ओळखलं.

"गोसावीबाबा, भगवानगीर कसा आहे? दोन महिने झाले, आला नाही. पण तुमचं काम त्यानं काय मेहनतीनं केलं हो."

"माझं कुठलं काम?"

"तुमचे दौलतगीर. मठाच्या जमिनीचा जुना कागद त्यानं आणला होता. त्यावर होतं, दौलतगीर वल्द शंभूगीर. मी म्हटलं, बाप मिळाला, किस्सा खतम. तो म्हणाला, मास्तर, दगड बघितल्याशिवाय न्हाई. मला दमेकऱ्याला तुमच्या गावापर्यंत नेलं, साक्षीला म्हणून. समाधीचा खालचा भाग मातीत गेला होता. उकरला, धुतला, राख चोळली. तर निघालं, दौलतगीर चेला शंभूगीर."

"चेला?"

"चेला. बेटा नव्हे. दोघांत फरक आहे की नाही? शंभूगीर लंगोटबंद बैरागी होता, त्याला पोर कुठलं? कुणीतरी मठात आणून टाकलेलं पोरगं त्यानं सांभाळलं, चेला केलं, मठ त्याच्या हवाली केला. सरकारी कागदाला बापाचं नाव पाहिजे, मुन्शीनं वल्द लिहून टाकलं. दौलतगीर कुणाचा, कुठला, त्याच्या मागं रस्ताच बंद." माझ्या तोंडाकडं बघून त्याला काहीतरी कळलं. "तुम्हाला त्यानं सांगितलं नाही?"

"कधीचं आहे हे?"

"झाली की तीन-चार वर्षं. मी त्याला म्हटलं होतं, अरे, जाऊन सांग तुझ्या भावाला. दौलतगीर पहिलाच बाहेरून आलेला, तर तू आईमागं आलास म्हणून काय झालं? तुझा हक्क लागतो. तर मला म्हणाला, मास्तर, दादा ती पाच नावं मोजायले की त्यांचा आवाज बदलतो. या वयात ते काढून घेऊन मी त्यांना काय देऊ? आणि माती होती तशी लोटून ठेवली."

तेवढ्यात साहेब आला. त्यानं माझ्याकडं बघितलं, कागदाकडं बघितलं आणि सही केली. मी जिवंत ठरलो.

चुडाव्याला उतरलो ते घरी गेलो नाही. तसाच मठावर गेलो. दिवस मावळायला अजून अवकाश होता. नव्या भिंतीचा चुना अजून ओला वाटत होता. दौलतगीरच्या समाधीपुढं बसलो आणि छत्रीच्या टोकानं माती उकरली. माती भुसभुशीत होती, वर हरळी लावलेली. नुसती लोटली नव्हती, कुणीतरी लावली होती. खाली अक्षरं निघाली. मला वाचायला वेळ लागतो, पण त्या दिवशी लागला नाही. राख अजून अक्षरांत होती. 'चेला' शब्दात सगळ्यात जास्त होती. तिथं त्यानं जास्त चोळली असणार, खात्री करायला.

लहानपणापासून मी त्या दगडाला डोकं टेकत आलो. दगड तोच होता. मग माती परत लोटली आणि घरी आलो.

बायको म्हणाली, "काय झालं? जिवंत निघालात का?"

"निघालो. कुणाचा ते विचारू नकोस."

तिला काही कळलं नाही. तिनं ताट वाढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुदळ आणि कोयता घेऊन भगवानगीरच्या खोलीवर गेलो. तो स्टोला पंप मारत होता.

"चल."

"कुठं, दादा? चहा तर घ्या."

"मठावर. चहा आल्यावर घेऊ."

त्यानं पिशवी खांद्याला अडकवली. माझ्या बापाच्या समाधीशेजारी माझ्यासाठी धरलेली जागा आहे. तिच्या बाजूला एक बोरीचं झुडूप वाढलं होतं आणि त्यापलीकडं भिंत. मी कोयता घेऊन बोरीला लागलो. भगवानगीर मागं उभा होता. जरा वेळानं वळून बघितलं तर तो दौलतगीरच्या दगडापाशी खाली बसलेला. काल मी लोटलेली माती नीट बसली नव्हती. तो तळहातानं ती दाबत होता, एकेक ढेकूळ फोडून. माझ्याकडं न बघता म्हणाला,

"दादा, हितं कुणीतरी उकरलंय. घूस असंल."

"असंल घूस."

त्यानं उपटलेली हरळी परत खोचली, पिशवीतली बाटली काढून वर पाणी शिंपडलं आणि इकडं आला. मी बोर मुळासकट काढली होती. कुदळीनं जागा सारखी केली.

"बस," मी म्हणालो.

"मी? आत्ताच?"

"बसून बघ. मापात येतोस का ते बघू. भिंत जवळ आहे."

"पर दादा, मंडळी काय म्हणतील? शिवरात्रीला तुमीच तर."

"मंडळीला मी सांगतो काय सांगायचं ते. मोठा मी आहे का मंडळी?"

त्यानं चपला काढल्या. पिशवी भिंतीला टेकून ठेवली. मग सगळे ज्या तोंडानं बसलेत त्या तोंडानं मांडी घालून बसला, पाठ ताठ, हात गुडघ्यांवर. कंडक्टरला कुणी सीट दिली तर तो कसा अवघडून बसेल, तसा. मी माझ्या जागेवर बसलो. खाली बसताना गुडघ्यांनी त्रास दिला.

मग तो हळूच बोलायला लागला. चुलत्याचं काहीतरी सांगत होता. माणिकगीर त्याला खांद्यावर घेऊन बाजारात नेत असे, असलं काहीतरी. मला नीट लागत नव्हतं. रुळांवरच्या नोकरीत माझा डावा कान गेलाय, आणि तो डावीकडं होता.

"दादा, ऐकायलात ना?" तो म्हणाला. "आपल्याला हितं लय दिवस बसायचंय."

मी उठलो, त्याच्या समोरून पलीकडं गेलो, आणि त्याच्यात आणि भिंतीत जी थोडी जागा होती तिथं अंग चोरून बसलो.

"हां," मी म्हणालो. "आता पहिल्यापासून सांग."